दुरुस्ती आणि दाक्षिण्य

एकत्र कुटुंबांत ज्यांचा जन्म गेला त्यांस एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाहीं. घरांतील एखादी वस्तु बदलणें सोपें असतें. परंतु त्या वस्तूभोंवतीं जमलेल्या संवयी बदलणें शतपट कठीण. परसदाराची कडी सैल झालेली असते व बाहेरून फटींत बोट घातलें तरी निघते. हें घरांत सर्वांस ठाऊक असतें आणि सर्वांनीं आपापली सोयहि तीवर लावून घेतलेली असते. रात्रपाळीहून येणारा मुलगा कोणास न उठवितां आंत येतो, पहांटे मोलकरीण हांक न मारतां भांड्यांस लागते. कोणी म्हणालें कीं, ही कडी धोक्याची आहे, तर "आजवर कांहीं गेलें का?" या प्रश्नानें त्याचें तोंड बंद होतें. पुढें आळींत एक चोरी होते आणि कर्ता पुरुष एके दिवशीं नवी कडी बसवून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशीं मोलकरीण दारांत तिष्ठत उभी, मुलगा रात्रभर ओट्यावर, आणि ज्यानें घराचें रक्षण केलें त्यालाच चोहोंकडून बोल! आतां येथें कडी बदलणाराचें चुकलें म्हणावें, कीं बोल लावणारांचें?

हाच प्रश्न आज फार मोठ्या प्रमाणावर ज्यांच्यापुढें उभा असतो तो वर्ग म्हणजे संगणकाच्या आज्ञावली, अर्थात् सॉफ्टवेअर, रचणारांचा. संस्कृतचीं रूपें पाठ करून घेण्यांत ज्याची हयात गेली अशा शाळामास्तरानें हा विषय हातीं घ्यावा याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु आमचा पुतण्या पुण्यास याच व्यवसायांत आहे. गेल्या दिवाळींत जेवणें झाल्यावर तो सहज बोलून गेला, "काका, आमचा निम्मा वेळ नवें करण्यांत जातच नाहीं. जुनें न मोडतां दुरुस्त कसें करावें, या विवंचनेंतच जातो." आम्ही म्हटलें, "दोष सांपडला तर काढून टाकावा. यांत विवंचना कसली?" त्यावर तो हंसला, आणि पुढें तीन रात्री आमची शिकवणी चालली. त्या शिकवणींतून जें आमच्या पदरीं पडलें, व पुढें आमच्याच गांवीं ज्याचा उपयोग झाला, तें येथें मांडतों.

मूळ अडचण अशी आहे. एकानें रचलेल्या आज्ञावलीवर दुसरा आपली आज्ञावली उभारतो, तीवर तिसरा, आणि अखेर इस्पितळें, बँका, आगगाड्या त्या उतरंडीवर चालूं लागतात. तळच्या मडक्यास चीर आहे असें कळलें तरी तें ओढून काढतां येत नाहीं. त्याहून गंमत ही कीं, लोक केवळ गुणांवरच विसंबून राहतात असें नाहीं, तर दोषांवरहि राहतात. सैल कडीचें उदाहरण वर दिलेंच आहे.

'सी' नांवाच्या संगणकभाषेंत 'गेट्स' म्हणून एक लहानशी क्रिया होती. वापरणाऱ्यानें लिहिलेली ओळ घ्यावयाची व नेमून दिलेल्या जागेंत ठेवावयाची, एवढेंच तिचें काम. पण जागा किती आहे हें ती कधींच पाहत नसे. शेराच्या मापांत मणभर ओतलें म्हणजे धान्य बाहेर सांडतें, तसा अधिक मजकूर शेजारच्या जागेंत सांडे; आणि संगणकानें पुढें कोणीकडे वळावें याची खूण तेथेंच जवळ ठेवलेली असे. कावेबाज मनुष्य अशी ओळ बेतून धाडी कीं, सांडलेला मजकूरच आज्ञा होऊन बसे. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं अमेरिकेंत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेली एक आज्ञावली या व अशाच दुसऱ्या कांहीं छिद्रांतून हजारों संगणकांत शिरली. त्या वेळचा अंदाज सुमारें ६,००० चा होता. दोष जगजाहीर झाला. तरी ती क्रिया त्या भाषेच्या प्रमाणग्रंथांतून बाहेर पडली केव्हां, तर २०११ सालीं! मध्यें तेवीस वर्षें गेलीं. कारण एकच: ती वापरणाऱ्या जुन्या आज्ञावली इतक्या पसरल्या होत्या कीं, तिला हांकलण्याचें धैर्य कोणास होईना. दाक्षिण्याचा अतिरेक पाहावयाचा असेल तर तो येथें दिसतो.

पुतण्या ज्या भाषेंत काम करतो ती 'पायथॉन' नांवाची भाषा. गीदो व्हान रॉसम या डच गृहस्थानें ती १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. हिच्या इतिहासांत या वादाचे दोन प्रसंग आहेत व दोहोंचे निकाल परस्परांच्या उलट लागले आहेत. म्हणून ते विस्तारानें सांगण्यासारखे आहेत.

पहिला प्रसंग असा. या भाषेंत नांवावरून वस्तु शोधून देणारा एक कोश असतो. वाचनालयांत कार्डांचे खण असतात तशीच ही रचना. फरक इतकाच कीं, कोणतें नांव कोणत्या खणांत जावें हें येथें अक्षरांवर केलेल्या एका गणितानें ठरतें. गणित चांगलें असलें म्हणजे कार्डें सर्व खणांत सारखीं विभागलीं जातात व हवें तें तत्काळ सांपडतें. परंतु गणिताची रीत उघड असली तर एखादा खोडसाळ मनुष्य हजारों नांवें अशीं निवडून पाठवूं शकतो कीं, तीं सगळीं एकाच खणांत पडावीं. मग एक कार्ड शोधावयास सगळा खण उपसावा लागतो व मोठा संगणकहि त्या उपशांत दमून बसतो. २०११ च्या डिसेंबरांत बर्लिन येथील एका परिषदेंत हें दाखवून देण्यांत आलें, आणि पायथॉनच नव्हे तर इतरहि अनेक भाषा या दोषानें ग्रस्त आहेत हें उघड झालें.

उपाय सोपा होता. दर वेळीं काम सुरू होतांना एक गुप्त आंकडा मनांत धरावयाचा व गणितांत मिसळावयाचा, म्हणजे कोणतें नांव कोठें पडेल हें बाहेरच्यास सांगतां येऊं नये. पण त्यामुळें कोशांतील नांवें कोणत्या क्रमानें बाहेर येतील तेंहि दर वेळीं बदलणार! "या क्रमावर विसंबूं नका," असें त्या भाषेच्या पुस्तकांत आरंभापासून लिहिलेलें होतें. परंतु वर्षानुवर्षें क्रम तोच येत आहे असें पाहून शेंकडों लोक त्यावर विसंबले होते. तेव्हां २०१२ सालीं असा निर्णय झाला कीं, जुन्या शाखांना दुरुस्ती द्यावी पण ती बंद अवस्थेंत द्यावी. ज्यास पाहिजे त्यानें ती आपल्या हातानें चालू करावी. मात्र त्याच वर्षीं सप्टेंबरांत निघालेल्या ३.३ या नव्या आवृत्तींत ती आपोआप चालू असावी.

आम्हांस हा निर्णय पटला नाहीं. आम्ही म्हटलें, "अरे, ज्याला धोका कळतो तो कळ दाबील. पण ज्याला कळत नाहीं, आणि म्हणूनच ज्याला संरक्षणाची गरज सर्वांत अधिक, तो उघडाच राहिला कीं नाहीं?" त्यावर पुतण्याचें उत्तर आमच्या ध्यानांत राहिलें आहे. तो म्हणाला, "काका, किरकोळ दुरुस्ती म्हणून दिलेली वस्तु एखाद्यानें शनिवारीं बसविली आणि सोमवारीं त्याचा कारभार बंद पडला, तर तो काय शिकेल? तो पुढें कोणतीच दुरुस्ती घेणार नाहीं. मग आम्ही कितीहि चांगलें औषध काढलें तरी तें बाटलींतच राहावयाचें." या बोलण्यांत तथ्य आहे. दुरुस्ती करणाराचें खरें भांडवल विश्वास हें आहे, आणि जुनें मोडलें म्हणजे पहिला घाव त्या विश्वासावर बसतो.

दुसरा प्रसंग सप्टेंबर २०२२ मधला, आणि तो आम्हां शाळामास्तरांस जवळचा वाटेल असा आहे. कारण त्यांत गोष्ट अंकांची आहे. आपण संख्या दशमान पद्धतीनें लिहितों. संगणक त्या द्विमान पद्धतीनें सांठवितो. एका पद्धतींतून दुसरींत संख्या नेण्याची जी रीत तेथें होती तींत अंक दुप्पट झाले म्हणजे श्रम चौपट होत. शंभर अंकांस जितके श्रम, त्याच्या दहा लक्षपट लक्ष अंकांस! म्हणजे कोणी नुसती एक लांबच लांब संख्या लिहून पाठविली तरी बिचारा संगणक तीच सोडवीत बसणार. हा दोष २०२० मध्येंच नोंदला गेला होता. दुरुस्ती निघावयास २०२२ उजाडलें. या वेळीं मात्र रचनाकारांनीं दाक्षिण्य बाजूस ठेवलें. दशमान रूपांतर ४,३०० अंकांच्या पुढें करावयाचें नाहीं, अशी मर्यादा त्यांनीं घातली, व ती चालू तसेंच जुन्या अशा अनेक शाखांत एकदमच लागू केली. तीहि बंद अवस्थेंत नव्हे, चालू अवस्थेंत.

गणिताच्या अभ्यासकांकडून तक्रारी आल्या. त्यांचें म्हणणें समजण्यास एक उदाहरण पुरे. १,५०० चें क्रमगुणित, म्हणजे एकपासून दीड हजारापर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार, ४,११५ अंकी येतो. तो कागदावर उतरेल. पण २,००० चें क्रमगुणित ५,७३६ अंकी आहे. काल जें बिनबोभाट छापलें जात होतें तें आज अडलें. त्या विद्यार्थ्यानें कोणाचें कांहींएक वांकडें केलेलें नाहीं! रचनाकारांनीं त्याची वाट अगदींच बंद केली नव्हती. मर्यादा वाढविण्याची किंवा काढून टाकण्याची सोय ठेविली होती. परंतु ती सोय शोधण्याचें काम आतां निरुपद्रवी माणसाच्या अंगावर पडलें. २०१२ मध्यें गाफील मनुष्य उघडा राहिला; २०२२ मध्यें गाफील मनुष्य सुरक्षित राहिला आणि अभ्यासकास दोन ओळी अधिक लिहाव्या लागल्या. दोन्ही निर्णयांत कोणास तरी त्रास होताच. फरक इतकाच कीं, दुसऱ्या वेळीं तो त्रास, जो सोसूं शकतो व ज्यास उपाय कळतो, त्याच्याकडे गेला. घरांतहि ओझें वांटतांना हाच नियम पाळावा असें आम्हांस वाटतें.

हा वाद पंडितांपुरता आहे असें कोणी समजूं नये. १४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोजमधील एका भयंकर छिद्राची दुरुस्ती प्रसिद्ध केली. तें छिद्र संगणकांनीं एकमेकांशीं फायलींची देवघेव करण्याच्या एका जुन्या रीतींत होतें, आणि जुन्या यंत्रांस अडचण पडूं नये म्हणून ती रीत तोंवर जिवंत ठेवलेली होती. पुढें बरोबर १२ मे रोजीं 'वॉनाक्राय' नांवाची खंडणीखोर आज्ञावली सुटली व तिनें दीडशेंच्या वर देशांत दोन लाखांहून अधिक संगणकांचे दस्तऐवज कुलूपबंद केले. इंग्लंडमधील सरकारी इस्पितळांत हजारों रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द झाल्या. पुढील चौकशींत दिसून आलें कीं, तेथील बहुतेक बाधित संगणक अतिप्राचीन नव्हते. त्यांच्यासाठीं दुरुस्ती दोन महिने आधींच निघालेली होती, पण कोणी बसविलीच नव्हती. रुग्णाच्या खाटेशीं असलेलें यंत्र दुरुस्तीनें बंद पडलें तर काय, ही धास्ती इस्पितळांत नेहमींच असते व ती अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं. पण दार उघडें राहिल्याची किंमत शेवटीं त्याच रुग्णांनीं भरली.

आणि उतावळेपणाची किंमतहि जगानें पाहिली आहे. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या संरक्षण पुरविणाऱ्याच कंपनीनें धाडलेला एक सदोष बदल जगभर एकदम लागू झाला आणि सुमारें ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून निपचित पडले. आपल्या देशांतहि विमानतळांवर त्या दिवशीं प्रवाशांना हातानें लिहिलेले प्रवेशपास द्यावे लागले. औषध योग्य, पण एकदम सर्व घरास पाजण्यापूर्वीं एकास देऊन पाहावयास हवें होतें.

आमच्या विषयांत जुन्यानव्याचा हा तंटा फार सौम्यपणें मिटविला जातो. रामायण-महाभारतांत व्याकरणास न जुळणारें रूप आढळलें तर टीकाकार त्यास आर्षप्रयोग म्हणून नमस्कार करतात. तें कोणी खोडीत नाहीं, आणि विद्यार्थ्यानें तसें लिहिलें तर गुणहि देत नाहीं. मराठींतहि तसेंच झालें. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ सालीं सरकारनें मान्य केले व उच्चार न होणारे अनुस्वार गेले. आम्ही वडिलांच्या वळणानें ते अद्याप देतों, संपादक कृपाळूपणें छापतात. पण शाळेंत फळ्यावर आम्ही मुलांस नवेच नियम शिकविले. जुनें वाचतां यावें, नवें लिहितां यावें, येवढ्यावर सर्वांचें भागलें. हाच न्याय संगणकास लावावा असें आम्ही पुतण्यास सुचविलें. तो म्हणाला, "अनुस्वारांतून चोर येत नाहीं, काका!" आमचा दृष्टांत तेथेंच थांबला. जुन्या पुस्तकाचा मान राखल्यानें शेजाऱ्याचें नुकसान होत नाहीं. जुनी वाट उघडी ठेवल्यानें होतें, कारण एका घरांत शिरलेला त्याच वाटेनें दुसऱ्या घरांत जातो. जुन्याविषयींच्या दाक्षिण्याची सीमा येथें आहे. तें आपल्या खर्चानें करावें. दुसऱ्याच्या खर्चानें करूं नये.

या विचाराची कसोटी यंदा आमच्याच गांवीं लागली. आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आम्ही आहों. तेथें सुमारें वीस वर्षांपूर्वींचा एक संगणक असून त्यांत ११,००० पुस्तकांची सूचि व वर्गणीदारांच्या अनामत रकमांची नोंद होती. गांवांतील एका होतकरू मुलानें रचलेली ती आज्ञावली नव्या यंत्रावर चालत नाहीं. तो मुलगाहि परदेशीं गेलेला. सूचि जुन्या मराठी टंकांत असल्यामुळें दुसऱ्या संगणकावर उघडली तर अक्षरांच्या ठिकाणीं रोमन चिन्हांचा गोंधळ दिसे. आणि हाच संगणक वर्गणीदारांस निरोप पाठविण्यासाठीं इंटरनेटला जोडलेला! शेजारच्या तालुक्यांतील एका संस्थेचे हिशेब खंडणीखोरांनीं कुलूपबंद केल्याची वार्ता आली तेव्हां हा विषय सभेपुढें आला.

सभेंत दोन तट पडले. वकीलसाहेब म्हणाले, यंत्र आजच मोडींत काढा. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आजच काढलें तर उद्यां पुस्तक कशांत पाहूं, तेवढें सांगा. आणि अनामतीच्या नोंदी गेल्या तर लोकांच्या दारांत मी काय तोंड दाखवूं?" आम्हांस दोघांचेंहि म्हणणें खरें वाटलें. अखेर ठरलें तें असें: जुना संगणक त्याच संध्याकाळीं इंटरनेटपासून तोडावा, तो आंतल्या आंत वर्षभर चालूं द्यावा, अनामतीच्या नोंदी प्रथम वहींत उतरून घ्याव्या, आणि सूचि नव्या युनिकोड पद्धतींत पुन्हां लिहून काढावी. दोन कॉलेजकन्यकांनीं टंकलेखन केलें, पडताळणी आम्ही केली. आठ महिने लागले. सर्व कांहीं वांचलें असें मात्र नव्हे. पूर्वींच्या ग्रंथपालांनीं स्वतः आंखलेली विषयवार सूचि छापण्याची सुंदर रीत त्या जुन्या आज्ञावलीबरोबरच गेली. नवी आज्ञावली तशी सूचि देत नाहीं. ते वृद्ध गृहस्थ अजून रोज वर्तमानपत्र वाचावयास येतात. त्यांस हें सांगण्याचें काम मंडळानें आमच्याकडे दिलें. त्यांनीं ऐकून घेतलें, शेवटची छापील सूचि घरीं नेण्याची परवानगी मागितली, आणि नवी सूचि तपासण्यास स्वतःहून दोन दिवस आले.

या सर्वांवरून आमच्या मनांत कांहीं गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. वाट बंद करावयाची असेल तर पुष्कळ आधीं सांगावें व तारीख सांगावी. न कळणाऱ्यास आपोआप संरक्षण मिळावें. ज्यास जुनी वाट खरोखर पाहिजे त्यानें ती जाणून-बुजून, आपल्या जबाबदारीवर उघडावी. सुरक्षिततेची दुरुस्ती व हौसेचे बदल एका पुडींत बांधूं नयेत. नाहींतर हौसेच्या कंटाळ्यानें लोक औषधहि टाकून देतात. आणि जें जातें आहे त्याच्या कर्त्यास तें समक्ष जाऊन सांगावें.

वाचकांच्या घरींहि हा विषय आहेच. मोबाईलवर दुरुस्तीची सूचना येते आणि आपण "नंतर पाहूं" म्हणून ती सारतों. विंडोज १० या घरोघर असलेल्या प्रणालीची नेहमींची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. मुदतवाढ हवी त्यानें निराळी नोंदणी करावयाची आहे. आपला संगणक कोणत्या प्रणालीवर चालतो, त्यांत घरांतले कोणते हिशेब, कोणाचीं छायाचित्रें, कोणाचीं पत्रें आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत कोठें ठेविली आहे, हें या रविवारीं घरांतील एखाद्या जाणत्या मुलास वा मुलीस शेजारीं बसवून पाहून घ्यावें. आधीं प्रत, मग दुरुस्ती, हा क्रम मात्र सोडूं नये.